कोण्या गावचा पाऊस?

निबंध-स्पर्धेला बसण्याचा प्रसंग माझ्यावर पहिल्यांदा आला, तो १९७३ सालच्या जानेवारी महिन्यात. मी तेव्हा सातवीत होतो. आमच्या तालुक्याच्या गावी एक जुने वाचनालय होते. त्याने शाळकरी मुलांसाठी ही स्पर्धा ठेवली होती. विषय आधी सांगायचा नाही. तो आयत्या वेळी फळ्यावर लिहायचा आणि मुलांनी दीड तासात निबंध पुरा करायचा, असा नियम होता. पहिल्या क्रमांकासाठी शाईचे पेन ठेवलेले होते. आमच्या घरात शाईचे पेन कोणाजवळच नव्हते. मी शिसपेन्सिलीने लिहीत असे आणि ती बहुधा इतकी झिजलेली असे की, बोटांत धरण्यापेक्षा नखांत धरणेच सोपे जाई. त्यामुळे ते पेन मला रात्री स्वप्नात दिसू लागले.

आमच्या शाळेतून गुरुजींनी माझी निवड केली. माझे अक्षर वळणदार होते आणि पाठांतर चांगले होते. निबंध लिहायला याहून अधिक काही लागते, असे त्या वेळी मला तरी वाटत नव्हते.

आमचे गाव माणदेशातले. ते माणगंगेच्या काठी वसलेले आहे खरे. पण या नदीला पाणी असण्यापेक्षा नसण्याचीच सवय अधिक. त्यातून १९७२ चे वर्ष फार वाईट गेले होते. मृगाने दगा दिला, पुढची नक्षत्रेही कोरडी गेली. नदीच्या वाळूत झरे खणून वाटीवाटीने पाणी भरावे लागे. आमची बैलजोडी वडिलांनी बाजारात नेली आणि रिकाम्या हातांनी परत येऊन ते ओसरीवर बराच वेळ नुसते बसून राहिले. सरकारने जागोजागी दुष्काळी कामे सुरू केली होती. कोठे पाझर तलाव, कोठे नाल्यांचे बांध, कोठे रस्ता. पुढे १९७३ च्या मे महिन्यात राज्यात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. त्यांत माझे आईवडीलही होते. आई रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडीत असे. शाळेला जाण्यापूर्वी मी तिला भाकरी पोचवीत असे. ती भाकरी आमच्या शेतातल्या ज्वारीची नसे; परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची असे.

हे सारे मी रोज पाहत होतो. पण स्पर्धेच्या तयारीला बसलो, तेव्हा यातले काहीही माझ्या मनात आले नाही. माझ्या चुलतभावाजवळ निबंधांचे एक जुने पुस्तक होते. त्यातले अकरा निबंध मी पंधरा दिवसांत तोंडपाठ केले. ‘माझा आवडता प्राणी’, ‘सूर्योदय’, ‘वर्षाऋतू’, ‘जत्रेतील एक तास’. फळ्यावर यांपैकी कोणताही विषय पडला, तरी पेन माझेच, अशी माझी खात्री होती.

स्पर्धेच्या दिवशी गुरुजींबरोबर आठ किलोमीटर चालून मी तालुक्याच्या गावी गेलो. वाचनालयाच्या लांबट खोलीत सतरंज्यांवर चाळीस-बेचाळीस मुले बसली होती. एक वृद्ध गृहस्थ आत आले. त्यांनी खडूचा तुकडा घेतला आणि फळ्यावर एकच शब्द लिहिला : ‘पाऊस’.

मला केवढा आनंद झाला! ‘वर्षाऋतू’ हा निबंध माझ्या जिभेवर नाचत होता. मी भराभर लिहू लागलो. आकाशात मेघांचे नगारे वाजू लागले. विद्युल्लता नाचू लागली. धरित्रीने हिरवा शालू परिधान केला. मोरांनी पिसारे फुलविले, झरे खळखळू लागले, बळीराजा हर्षभरित झाला. दीड तासाचे काम मी पाऊण तासात उरकले आणि उरलेल्या वेळात निबंधाभोवती सुबक चौकट काढली.

त्या रात्री चुलीपुढे बसून मी तो सबंध निबंध आईला म्हणून दाखविला. आईला लिहिता-वाचता येत नव्हते. दिवसभराच्या श्रमाने तिची पाठ आखडली होती. तरीही भाकरी थापण्याचे थांबवून तिने तो लक्ष देऊन ऐकला. शेवटी ती म्हणाली,

“ग्वाड लिवलंस रं! पर ह्यो पाऊस कोन्या गावचा?”

मला तिचा राग आला. निबंधातल्या पावसाला कोठे गाव असते काय? शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसाला निबंधातले काय कळणार, असे मनाशी म्हणून मी पांघरुणात शिरलो.

पंधरा दिवसांनी बक्षीस-समारंभ झाला. फळ्यावर विषय लिहिणारे ते वृद्ध गृहस्थच परीक्षक होते. ते उभे राहिले आणि चष्मा पुसत म्हणाले, “मुलांनो, मी बेचाळीस निबंध वाचले. त्यांपैकी एकतीस निबंधांत धरित्रीने हिरवा शालू नेसला आहे. या दुष्काळात आपल्या गावांतल्या आयाबहिणींना धड लुगडे मिळत नाही. मग हे एकतीस शालू तुम्ही आणले तरी कोठून?”

सभेत मोठा हशा पिकला. मीही हसलो, पण माझे कान तापले होते. ते पुस्तक केवळ आमच्याच घरी आहे, अशी माझी समजूत होती.

नंतर त्यांनी पहिला आलेला निबंध वाचून दाखविला. तो शेजारच्या गावातील माझ्याच वयाच्या एका मुलीचा होता. पुरते पानभरही तो नव्हता. तिने लिहिले होते की, त्यांच्या घराचे माळवद एका कोपऱ्यात गळते. तेथे आई दर पावसाळ्यात एक घमेले ठेवते. गेल्या मृगातही तिने ते ठेवले. पण पाऊस आला नाही. दिवाळी झाली, संक्रांत झाली. घमेले तेथेच आहे आणि त्यात धूळ साठली आहे. धाकटा भाऊ विचारतो, ‘हे येथे कशाला?’ आई उत्तर देत नाही आणि ते कोणाला हलवूही देत नाही. ते उचलले, तर पाऊस आता येणारच नाही असे होईल, अशी तिला भीती वाटत असावी. निबंध येथेच संपला होता.

सभेत कोणी टाळी वाजविली नाही. डोक्यावर पदर घेतलेल्या कितीतरी बायका मागे उभ्या होत्या. त्या एकमेकींकडे पाहत होत्या. मग कोणीतरी टाळी वाजविली आणि त्या टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर गुरुजी मला काहीच बोलले नाहीत. मीही बोललो नाही. पेन गेल्याचे दुःख होतेच. पण त्याहून निराळी अशी एक बोच मनाला लागली होती. घमेले आमच्याही घरात होते. आमचेही माळवद गळत होते. मग ते माझ्या निबंधात का आले नाही? खरे उत्तर मला पुष्कळ दिवसांनी सापडले. आमची धूळ, आमचे घमेले, खडी फोडणारी माझी आई या गोष्टी निबंधात घालण्याजोग्या नाहीत, असे मी मनोमन ठरवून टाकले होते. मला त्यांची लाज वाटत होती. म्हणून मी दुसऱ्याचा पाऊस उसना आणला होता.

पुढे मी शिकलो आणि शिक्षक झालो. अधूनमधून थोडे लिहूही लागलो. १९८६ साली पुण्यात चार दिवसांची एक लेखन-कार्यशाळा भरली होती. तिला मी गेलो. कार्यशाळा म्हटली की, मला सुताराचा कारखाना आठवतो. रंधा, पटाशी, लाकडाचा भुसा आणि मधोमध हळूहळू आकाराला येणारे दार. लेखकांची कार्यशाळा कशी असते, हे पाहण्याची मला फार उत्सुकता होती. चांगले लिहिण्याची काही गुप्त किल्ली तेथे हाती लागेल, अशी आशाही होती.

कार्यशाळा चालविणाऱ्या बाई वयाने मोठ्या होत्या आणि बोलत अगदी हळू. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, “तुम्ही डोळ्यांनी पाहिलेले काम करणारे एक माणूस निवडा आणि त्याच्यावर पानभर लिहा. ‘सुंदर’, ‘करुण’, ‘रम्य’ असे शब्द आज वापरायचे नाहीत.”

मी कागद पुढे ओढला. बराच वेळ काही सुचेना. मग एकाएकी रस्त्याच्या कडेचा तो खडीचा ढीग डोळ्यांपुढे आला आणि मी आईविषयी लिहिले.

दुपारी प्रत्येकाने आपले लेखन मोठ्याने वाचायचे होते. माझे वाचून झाल्यावर एका तरुणाने विचारले, “ढीग केवढा होता? मजुरी दिवसावर मिळत होती की ढिगावर?” एका मुलीने विचारले, “एका हातात हातोडा, दुसऱ्या हाताने दगड धरायचा. मग बोटांना लागत नसे का? बोटांना काही बांधलेले असे का?” मी म्हणालो, “कापड बांधत असावी.” बाईंनी मान हलविली आणि म्हणाल्या, “असावी, असे तुम्ही म्हणता. तुम्हांला ठाऊक आहे, की तुम्ही अंदाज करीत आहात?” मला उत्तर देता आले नाही.

त्या चार दिवसांत मी ते एकच पान पाच वेळा लिहिले. प्रत्येक वेळी काही वाक्ये लाकडाच्या ढलप्यांप्रमाणे गळून पडली. जी वाक्ये मला सर्वांत अधिक आवडत होती, तीच आधी गळाली. आपल्या मनात एखादी गोष्ट स्वच्छ असते, म्हणून ती कागदावरही स्वच्छ उतरली आहे, असे आपण समजतो. ती खरोखर उतरली आहे की नाही, हे समोर बसून ऐकणारे माणूसच सांगू शकते. कार्यशाळेत गुप्त किल्ली काही मिळाली नाही; असे ऐकणारे कान मात्र मिळाले.

“मग दुसऱ्यांचे चांगले लेखन वाचून शिकायचेच नाही काय?” असे एकाने विचारले, तेव्हा बाईंनी बेंजामिन फ्रँकलिनची गोष्ट सांगितली. हा पुढे अमेरिकेचा थोर पुरुष म्हणून गाजला; पण लहानपणी तो बोस्टन शहरात आपल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करीत होता. ‘स्पेक्टेटर’ या इंग्रजी नियतकालिकाचा एक सुटा खंड त्याच्या हाती लागला. त्यातील लेख त्याला फार आवडले. कामाआधी किंवा काम संपल्यावर रात्री तो एखादा लेख घेई, प्रत्येक वाक्यातील विचाराचे लहानसे टिपण करी आणि काही दिवस ते बाजूला ठेवी. मग मूळ लेख न पाहता, केवळ टिपणांवरून तो आपल्या शब्दांत पुन्हा लिहून काढी आणि मुळाशी ताडून आपल्या चुका सुधारी. कधी टिपणांचा क्रम मुद्दाम विस्कटून टाकी आणि तो नीट लावण्याचा प्रयत्न करी. अशाने विचारांची मांडणी कशी करावी, हे तो शिकला.

ही गोष्ट ऐकताना मला माझे अकरा निबंध आठवले. मीही दुसऱ्याच्या लेखनावर मेहनत केली होती. पण फ्रँकलिनने त्या लेखांपासून बांधणी घेतली. मी मजकूरच उचलून आणला होता. दुसऱ्याचे घर पाहून आपले घर बांधणे निराळे आणि दुसऱ्याच्या घरात जाऊन ‘हे माझे’ म्हणणे निराळे.

शेवटच्या दिवशी बाईंनी आणखी एका निबंधाविषयी सांगितले. तो कोणत्याही स्पर्धेसाठी लिहिलेला नव्हता. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी चालविलेल्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातील एक मुलगी शिकत होती. तुमच्याहून ती फार मोठी नव्हती. मांग आणि महार यांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापला गेला. आपल्या माणसांवर झालेले अन्याय तिने त्यात निर्भयपणे मांडले आहेत. तिच्याही निबंधात पाऊस आहे. आपल्या बायका बाळंत होतात, तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसते. थंडी, पाऊस आणि वारा यांनी त्यांना किती यातना होत असतील, असे ती विचारते. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी तो निबंध आजही वाचला जातो. ज्या काळात तिच्या समाजाला अक्षरांपासून दूर ठेवले जात होते, त्या काळात एका मुलीने आपले दुःख लिहिण्याजोगे आहे असे मानले, हेच केवढे मोठे धैर्य! मला माझ्या आईच्या खडीची लाज वाटली होती. तिला आपल्या माणसांची लाज वाटली नव्हती. लाज वाटायची असेल, तर ती अन्याय करणाऱ्यांना वाटावी, हे तिला उमगलेले होते.

आता मीच कधीकधी निबंध-स्पर्धांचा परीक्षक म्हणून बसतो. मुलांच्या निबंधांचे गठ्ठे माझ्यापुढे येतात. हिरवा शालू अजूनही त्यांत असतो. पण मी त्याला हसत नाही. कारण तो शालू मीही एकदा धरित्रीला नेसविला आहे. मी फक्त एखादे असे वाक्य शोधीत असतो की, जे त्या मुलावाचून किंवा त्या मुलीवाचून दुसऱ्या कोणाला लिहिता आले नसते. असे एक वाक्य सापडले, तरी मला बरे वाटते. मुलांनी स्पर्धांत जरूर भाग घ्यावा, असे मला वाटते. स्पर्धेमुळे ठरलेल्या वेळी काम पुरे करण्याची सवय लागते आणि आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाला आपले म्हणणे कळावे, म्हणून झटावे लागते. बक्षीस मिळाले, तर आनंदच आहे. मिळाले नाही, तर ज्याला मिळाले त्याचा निबंध एकदा लक्ष देऊन ऐकावा. माझ्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा धडा मी हरलेल्या स्पर्धेतच शिकलो.

एक गोष्ट सांगायची राहिली. पुण्याहून परत आलो, तेव्हा पाचव्यांदा लिहिलेले ते पान माझ्या पिशवीत होते. आई अंगणात धान्य निवडीत बसली होती. मी तिच्यापुढे बसून ते वाचून दाखविले. तिचे हात थांबले. माझे वाचन संपले, तरी ती काही बोलली नाही. तेरा वर्षांपूर्वीचा तिचा प्रश्न आता पुन्हा येईल, या भीतीने मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “बोटाला कापड न्हवतं बांधलं. सायकलीच्या ट्यूबची पट्टी हुती. कापड पयल्याच दिशी फाटलं असतं.”

एवढे बोलून ती पुन्हा धान्य निवडू लागली. हा पाऊस कोण्या गावचा, असे या खेपेला तिने विचारले नाही. मी पिशवीतून पेन काढले, ‘कापड’ हा शब्द खोडला आणि त्याच्या जागी ‘सायकलीच्या ट्यूबची पट्टी’ असे लिहिले.